दुसरी फुंक

मशीन वाजलं तेव्हा मी कूलरच्या खसच्या जाळीचा विचार करत होते. यंदा नवी बसवायची की गेल्या उन्हाळ्यातलीच धुऊन चालवायची, एवढाच प्रश्न होता, आणि तो मी सकाळपासून चघळत होते, कारण माझ्या डोक्याला अलीकडे असलेच प्रश्न बरे पडतात. खिडकीच्या गजांपाशी कुणीतरी आलं, मी सवयीने दारू तपासायच्या मशीनला नवी नळी लावली, ते पुढे केलं, बाहेरच्याने फुंक मारली. हिरवा दिवा लागतो, मी खिळ्यावरची चावी काढून देते, माणूस जातो, पुढचा येतो. दुपारच्या शिफ्टच्या बसेस सुटताना हे असं चालतं आणि त्यात वर बघायची गरज पडत नाही. या वेळी दिवा लाल झाला. कुकरची शिटी झाल्यावर आपण मान न वळवता हात लांबवून गॅस बारीक करतो, तसा मी आधी बटण दाबून आवाज बंद केला, आकडा वाचला, एक्केचाळीस, आणि मग वर पाहिलं. बाहेर माझा नवरा उभा होता.

इंद्रजीत याच कंपनीत बस चालवतो. गुढ़ियारीत गोदामांच्या मागे आमचा डेपो आहे, आणि इथून उरला-सिलतराच्या कारखान्यांत शिफ्टची माणसं नेणं-आणणं हे आमचं काम. तो चालवतो, मी खिडकीत बसून चाव्या देते. नवऱ्याची फुंक बायकोने घेऊ नये असं नियमात कुठे लिहिलेलं नाही. नियम करणाऱ्याला असं जोडपं सुचलंच नसेल. खिडकीबाहेर तो मला मॅडम म्हणतो. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, घरात मी 'अगं'च्या वर कधी गेले नाही, पण या गजांच्या अलीकडे मला रोज एकदा मान मिळतो. मीही तोंडाने त्याला अहो-जाहो करते. मनात मात्र तो पहिल्यापासून एकेरीच आहे.

"चूळ भरून या," मी म्हणाले. "आणि इथं बाकावर बसा."

"हव, मॅडम," तो म्हणाला आणि नळाकडे गेला.

नियम सोपा आहे. मशीन लाल झालं की ड्रायव्हरने चूळ भरायची आणि पाव तास परीक्षकाच्या नजरेसमोर बसून राहायचं. खायचं नाही, बिडी ओढायची नाही, खोकल्याचं औषधसुद्धा घ्यायचं नाही. मग दुसरी फुंक. पहिली फुंक म्हणजे नुसता संशय. धरायची ती दुसरी. तीसच्या वर आकडा गेला तर चावी नाही, आणि चावी नाही म्हणजे बहुतेक वेळा नोकरीही नाही, कारण कारखानेवाल्यांनी या वर्षी कंपनीकडून तसं कबूलच करून घेतलं आहे. मशीन येऊन आठवडाच झाला होता. त्याच्या आधी मशीन नव्हतं तेव्हा नियम आणखी सोपा होता. खिडकीतल्या माणसाने ड्रायव्हरला 'हा' करायला लावायचं आणि स्वतःच्या नाकाने वास घ्यायचा. मशीन आलं तरी हा जुना नियम काढलेला नाही. मशीन हिरवं झालं तरी वास घ्यायचाच, आणि वास आला तर चावी द्यायची नाही. मशीन बिघडू शकतं, नाक बिघडत नाही, असं आमचे इन्चार्ज शालिग्राम साहू पहिल्या दिवशी सगळ्यांना सांगत होते. मी शेजारी उभी राहून मान डोलावत होते.

तेच शालिग्राम आता आवाज ऐकून केबिनच्या दारात आले. "क्या हुआ, दीदी?"

"एक्केचाळीस आया है."

"किसका?"

मी बाकाकडे पाहिलं. इंद्रजीत तोंड पुसत तिथे येऊन बसत होता. शालिग्रामांनी त्याच्याकडे पाहिलं, मग छपराकडे पाहिलं, जणू तिथे काही काम निघालं आहे. भला माणूस आहे. "दूसरी फूंक देख लो. कभी-कभी गरमी में भी मशीन बहक जाती है," असं म्हणून ते आत गेले. बाकीच्या बसेस एकेक करून फाटकाबाहेर पडत होत्या. इंद्रजीतची तेवढी कडुनिंबाखाली उभी होती, रिकामी, आणि तिची चावी माझ्या डोक्यावरच्या खिळ्याला.

आता मला काहीतरी वाटायला हवं होतं. मी वाट पाहिली. राग येईल, निदान लाज वाटेल, पायाखालची जमीन सरकेल, बाकी बायकांची सरकते म्हणतात. पंखा गरगरत होता. टेबलावर काळी बारीक धूळ होती, कारखान्यांकडून येते तीच, सकाळी पुसली की दुपारी पुन्हा तिथेच. तिच्यावर मी बोटाने रेघ ओढली. दात काढायच्या आधी डॉक्टर इंजेक्शन देतात आणि मग आपल्याच ओठाला बोट लावलं तरी तो दुसऱ्याचा वाटतो, तसं मला सगळीकडून वाटत होतं, आणि हे आजचं नव्हतं. चार वर्षांपासून होतं. आज फक्त ते माझ्या ध्यानात आलं.

आमच्या आईचं असं नव्हतं. आई, विमलाबाई, दारात उभी राहून माणूस ओळखायची. बाबा, म्हणजे यशवंतराव, रेल्वेत गार्ड. ड्यूटीवरून आले की आई पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्याच्या आत उभी राहायची आणि तांब्या मुद्दाम छातीजवळ धरायची, म्हणजे घेणाऱ्याला वाकावंच लागे. बाबा वाकले की तिला कळायचं. ती एक शब्द बोलायची नाही. फक्त तांब्या सोडायची नाही. दोघं तिथे तांब्याला धरून उभी, आम्ही पोरं आतून बघतोय, आणि शेवटी बाबाच म्हणायचे, "सोड ना व, लोक पाहून राहिले." मग स्वयंपाकघरात भांडी आपटायला लागायची. बाबांनी विडा खाऊन पाहिला, लवंग खाऊन पाहिली, एकदा तर कच्चा कांदा खाऊन आले. त्या दिवशी आई हसली होती. तोंड लपवता येते, वास नाही लपवता येत, असं ती म्हणायची, आणि लग्नाच्या वेळी बाकी काही शिकवलं नाही तरी तांब्या कसा धरायचा तेवढं मात्र मला शिकवून पाठवलं.

मी तिच्यापेक्षा तिखट निघाले. तात्यापाऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांना उंबरा आहे, आणि त्या उंबऱ्यावर मी इंद्रजीतला काय काय ऐकवलं आहे ते शेजारच्यांना पाठ आहे. श्रावणी पोटात होती तेव्हा त्याने शपथ घेतली, ती सात महिन्यांची झाली तेव्हा मोडली, मग पुन्हा घेतली. सदर बाजारातून येताना स्कूटरवर मागे बसून नुसत्या मानेच्या वासावरून मी सांगायचे, आज घेतली आहे, उतरवा मला, आणि भर रस्त्यात खरंच उतरून चालायला लागायचे. मागून गाड्यांचे हॉर्न, आणि हा स्कूटर ढकलत माझ्यामागे. त्यावरून कंपनीत माझी ख्याती झाली. शालिग्रामांनी इंद्रजीतलाच विचारलं होतं, तेरी घरवाली खिड़की पर बैठेगी क्या, उससे तो कोई नहीं बचेगा. माझी नोकरी ही अशी माझ्या नाकाने मिळवलेली. पहिल्याच महिन्यात मी तिघांना परत पाठवलं. ड्रायव्हर माझ्या खिडकीशी येताना देवाच्या दारात आल्यासारखे यायचे, पाय पुसून.

मग करोनाचा ताप आला. सगळ्यांनाच आला, आम्हा दोघांनाही एकाच आठवड्यात आला, इंद्रजीतला जरा जास्तच, आणि उतरला. सगळ्यांचा वास गेला आणि महिन्या-दोन महिन्यांनी परत आला. माझा आला नाही. मी वाट पाहिली, जशी आत्ता राग येण्याची पाहत होते तशी. रोज सकाळी हिंगाची डबी उघडून नाकाशी धरायची, मग कापूर, मग रॉकेलचं बूच. काही नाही. हवा आत जायची आणि बाहेर यायची. एकदा श्रावणी आतून ओरडली, "मम्मी, दूध जल रहा है!" आणि मी दुधासमोरच उभी होते. पोट्टीला म्हटलं, विचारात होते. तिला मराठी सगळी समजते आणि उत्तर मात्र हिंदीतच देते, तसं मला घर सगळं दिसत होतं आणि त्याचा वास तेवढा येत नव्हता. त्यानंतर मी फोडणी कानाने करायला शिकले. मोहरी तडतडायची थांबली की हिंग, लसूण चुरचुरायचा आवाज पातळ झाला की डाळ. कुणाला कळलं नाही. सांगितलं का नाही, तर सांगून काय मिळणार होतं. खिडकीतली बाई, जिचं कामच वास घेण्याचं, ती म्हणणार, मला वास येत नाही. दुसऱ्या दिवशी खिडकीत दुसरी बाई. घरात सांगितलं तर ते डेपोत यायला एक दिवस पुरला असता, कारण इंद्रजीतच्या पोटात काही राहत नाही असं मी तेव्हा धरून चालले होते. झाकली मूठ सव्वा लाखाची.

तर चार वर्षं मी त्या खिडकीत बसून वास घेतला. ड्रायव्हर गजांजवळ तोंड आणून 'हा' करायचा, गरम हवा माझ्या गालाला लागायची, मी जरा थांबायचे, जणू तोलते आहे, आणि मग चावी द्यायचे. आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं. काही दिवसांनी ड्रायव्हरांच्या वागण्यात फरक पडला. पाय पुसणं थांबलं. राखीसाठी हात पुढे यायला लागले, दिवाळीला मिठाईचे डबे यायला लागले, आणि एकदा मागच्या बाकावर कुणीतरी म्हणताना मी ऐकलं की दीदी अब समझने लगी हैं, गरीब आदमी का दर्द. मी मनात म्हटलं, चला, निदान कुणी परत पाठवावं लागत नाही, सगळे सुधारले आहेत. हे मी खरोखर मानत होते की मानून घेत होते, ते आता सांगता येणार नाही. चार वर्षांत मोठं काही घडलं नाही, पण ते काही माझं पुण्य नव्हे.

आणि त्याच हिशेबाने इंद्रजीतही सुधारला होता. ताप आला आणि घरातली भांडणं थांबली. उंबऱ्यावर मी तांब्या द्यायचे, तो वाकायचा, मला काही जाणवायचं नाही, मी तांब्या सोडून द्यायचे. पहिले काही दिवस तो माझ्याकडे चमकून बघायचा. मला वाटायचं, बंद केल्याची शाबासकी हवी आहे त्याला. मी द्यायचे नाही. मग तो निवांत झाला. चांगला वागायला लागला. न सांगता माझ्या आईची औषधं नेऊन द्यायचा. रविवारी माझ्या आधी उठून पाणी भरायचा. श्रावणीच्या शाळेत स्वतः जायचा. पूर्वी घेतलेल्या रात्री तो भिंतीकडे तोंड करून झोपत असे, श्वास दाबून. आता रोज माझ्याकडे तोंड करून झोपायला लागला. त्याचा श्वास माझ्या कपाळावर यायचा आणि मी म्हणायचे, माणसाचं बघा, एका तापाने शहाणा झाला. ती चार वर्षं आमची चांगली गेली. शेजारीण म्हणाली होती, तुमच्याकडून आता आवाज येत नाही, गाव सोडलं का काय.

बाकावर तो मांडीवर हात ठेवून बसला होता. बाक खिडकीला अगदी लागून आहे, त्यामुळे त्याचा कान आणि माझं तोंड यांत दोन गजांचं अंतर. बाकी कुणी जवळ नव्हतं. तो समोर बसकडे बघत हळूच म्हणाला, "काहून करून राहिली असं?"

"काय केलं मी?"

"वाजली त वाजली. मले खुणावलं असतं, मी पोट दुखते म्हणून घरी गेलो असतो. पयले फुंक कायले मारू दिली? तुले त समजलं असन मी जवळ आलो तेव्हाच."

मला समजलं नाही तो काय म्हणतो आहे ते. मी म्हणाले, "तुम्ही त बंद केलती ना?"

"कधी?"

"तापानंतर."

तो पहिल्यांदा माझ्याकडे वळला. डोळे लालसर होते. मी रोज बघत असलेले डोळे. "तापानंतर मी कधी बंद केली? तापानंतर तू बोलायचं बंद केलं."

पंखा फिरत होता. आत शालिग्राम फोनवर कुणाला तरी सांगत होते, की पाँच मिनट में निकल रही है गाड़ी, लेडीज़ लोगों को छाँव में खड़ा रखो. त्या बसने पॅकिंगच्या बायका जातात, बिरगावच्या पुढच्या वळणावरून त्यांना घ्यायचं असतं, उन्हात पदर डोक्यावर घेऊन उभ्या असतात. मी ते ऐकलं आणि मग मागच्या चार वर्षांकडे वळले. तिथे सगळं जागच्या जागी होतं, फक्त उलटं. तो चमकून बघायचा ते शाबासकीसाठी नव्हे. तो बघायचा, ही आज तरी ओरडेल. मग कधीतरी त्याने ठरवलं असणार, ही आता ओरडणार नाही.

"मले वाटलं," तो म्हणाला, आणि थांबला, कारण त्याला असलं बोलायची सवय नाही. "मले वाटलं, तू मले सांभाळून घेऊन राहिली. तापात मी मरता मरता वाचलो ना, तवापासून. घरी बी बोलत नाही, इथं बी चावी देऊन देते. मी रोज चावी घेताना मनात म्हणत होतो, या बाईचं आपण काय करावं. आईची औषधं, पाणी-गिणी, तेवढंच जमत होतं मले."

हे ऐकताना मला वाटलं की आता तरी काही होईल. झालं नाही. त्याला तसंच समजू द्यावं असं एक मन म्हणालं. चार वर्षं कुणीतरी आपल्याला एवढी मोठी समजत होतं, यात आपलं काय जातं. पण तो माझ्या तोंडाकडे बघत होता आणि मला दुसरं काही सुचलं नाही.

"मले वास येत नाही," मी म्हणाले.

"कशाचा?"

"कशाचाच नाही. तापापासून."

तो हसला, म्हणजे ओठ तेवढे हलले. मग त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि ओठ जागेवर आले. फाटकाजवळ एक गाय उभी होती, चौकीदार तिला हाकलत होता, ती हलत नव्हती.

"म्हणजे तू काही सांभाळून नव्हती घेत."

"नाही."

"तुले मालूमच नव्हतं."

"नाही."

"हव," तो म्हणाला. आणि मग बसकडे बघत, जसं काही बसलाच सांगतो आहे, "मले सांगायचं ना व. मी तुले काय खाल्लं असतं?"

माझं नाक गेलं होतं तेव्हा मी काय काय झाकलं ते मला माहीत होतं, पण त्या झाकणाखाली तो येऊन बसला आहे हे मला माहीत नव्हतं. मला त्याचं वाईट वाटलं. हे खरं आहे, मला वाटलं. लांबून, दुसऱ्याच्या घरचं ऐकावं तसं, पण वाटलं. त्याची चार वर्षं माझ्यापेक्षा जास्त चांगली गेली होती, आणि मी ती आत्ता, या बाकावर, काढून घेतली होती.

"आज किती घेतली?" मी विचारलं.

"रात्रीचीच आहे. मशीन आली तवापासून मी कमीच करून राहिलो. पण कमी केली त सकाळपासून हात थरथरतात. मंग आता फाटकात शिरताना एक घोट घेतला. त्याच्याबिगर स्टेअरिंग धरवत नाही." त्याने हात मांडीवरून उचलून मला दाखवला, डॉक्टरला दाखवतात तसा. हात थरथरत नव्हता. "पाह्य, आता बरोबर आहे."

पाव तास झाला होता. मी नवी नळी लावली. तो उठून खिडकीशी आला आणि त्याने फुंक मारली, लांब, नियमाप्रमाणे, डोळे मिटून. मशीन जरा विचार करत राहिलं आणि हिरवं झालं. अठ्ठावीस. तोंडातली आत्ताची गेली होती, रक्तातली तेवढी उरली होती, आणि ती तीसच्या रेघेच्या दोन बोटं खाली होती.

शालिग्राम माझ्या मागेच येऊन उभे होते. त्यांचा श्वास सुटलेला मला ऐकू आला. "चलो, अच्छा हुआ. चाबी दे दो, दीदी. वहाँ से तीन बार फ़ोन आ गया."

मी चावीकडे हात नेला आणि खिळ्यावरून ती काढली. तिला पितळेचा बिल्ला आहे, उन्हाळ्यात तो गरम होतो. इंद्रजीतने हात पुढे केला होता. आता राहिला होता तो जुना नियम. त्याने सवयीने गजांजवळ तोंड आणलं आणि 'हा' केलं, मी सवयीने चेहरा पुढे नेला. गरम हवा गालाला लागली. रोज रात्री कपाळाला लागते तीच. काही नाही. मी मुद्दाम जास्त वेळ थांबले, की निदान आज तरी. लग्नानंतर नव्यानव्यात त्याच्या मानेला डिझेलचा आणि साबणाचा मिळून एक वास यायचा, एवढं शब्दांत मला आठवतं. वास आठवत नाही. समोर त्याचे डोळे होते, आणि त्या डोळ्यांना माहीत होतं की मी काहीच घेत नाही आहे, फक्त उभी आहे.

तो एक घोट मला दिसत होता. आज एक, उद्या मशीनला चुकवायचं म्हणून पहाटे, परवा बसमध्ये सीटखाली. वळणावर पदर घेतलेल्या बायका. मला धाडस वगैरे आलं नाही. मी चावी पुन्हा खिळ्याला अडकवली, कारण माझा हात तिकडे गेला, आणि मग त्याला कारण द्यावं लागलं.

"बास आ रही है," मी म्हणाले.

शालिग्राम पुढे झाले. "अरे, मशीन तो हरी है, दीदी."

"नियम में दोनों हैं. बास आई तो चाबी नहीं."

"देखो, अपने ही आदमी को..." त्यांनाही ठाऊक होतं की माझ्या शब्दाने त्याला आज उतरवलं तर पुढचं सगळं वरच्या ऑफिसात जाईल आणि तिथून ड्रायव्हर परत येत नाहीत. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. चार वर्षांत कुणालाही न थांबवलेल्या माझ्या नाकाचा त्यांना आज पहिल्यांदा संशय येत असावा. "पक्का आ रही है? मुझे तो इधर से कुछ पता नहीं चल रहा. कैसी बास?"

कैसी, ते मला सांगता येईना. देशीचा कसा असतो, विदेशीचा कसा, शिळा कसा, ताजा कसा, हे एके काळी मला रस्त्यात स्कूटरवर मागे बसून कळत होतं. इंद्रजीत गजांना धरून उभा होता. त्याने फक्त एक वाक्य बोलायचं होतं. इनको बास आती ही नहीं, सर. मग चावी त्याची, नोकरी त्याची, आणि खिडकीत दुसरी बाई. तो ते बोलणार आहे असं मला वाटलं, आणि त्यात मला काही वावगंही वाटलं नाही.

"आती है बास, सर," तो म्हणाला. "रात की भी है और अभी की भी. मैडम की नाक सही है."

शालिग्राम खिडकीपासून वळले. मग त्यांनी नानाला हाक मारली. नाना आमचा बदली ड्रायव्हर, साठीचा, माळकरी माणूस. त्याने फुंक मारली, मशीन हिरवं झालं, तो गजांपाशी वाकला, मी चेहरा पुढे नेला आणि चावी दिली. बस वळून फाटकाबाहेर गेली. धूळ आत आली आणि टेबलावरच्या माझ्या रेघेवर बसली.

इंद्रजीत गेला नाही. तो पुन्हा बाकावर बसला होता, कंपनीचा निळा शर्ट काढून नुसत्या बनियनवर, शर्टाची घडी मांडीवर. शर्ट परत कर असं त्याला अजून कुणी सांगितलं नव्हतं. मी खिडकीतून त्याच्या मानेकडे बघत होते. त्याने माझ्यासाठी आत्ता काय केलं ते मला कळत होतं, आणि त्याला काय म्हणावं ते कळत नव्हतं. मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. एवढंच जाणवलं की संध्याकाळी तो उंबऱ्यावर येईल, मी तांब्या घेऊन उभी असेन, आणि मला काहीच कळणार नाही. आई अशी कधी उभी राहिली नव्हती. मग माझ्या ध्यानात आलं की आपण चार वर्षांत या माणसाला कधी विचारलंच नाही.

"ऐका," मी म्हणाले. "आज घ्याल?"

तो वळला नाही. त्याने खरोखर विचार केला. श्रावणीने गणित विचारलं की करतो तसा, ओठ जरा हलवत. घडी घातलेल्या शर्टावर त्याचा हात होता, आणि तो आता थरथरायला लागला होता.

"घेईन," तो म्हणाला. "तुले सांगून घेईन."